साखरमाळांचं आमचं दुकान: पुढची पिढी म्हणजे नक्की कोण?

माहेरची_वाट

माझं माहेर कोल्हापूर, शुक्रवार पेठ. महाद्वार रोडला लागून असलेल्या एका बोळात आमचं साखरकामाचं दुकान आहे. पेढे-बर्फीचं नव्हे हं. दिवाळीत लक्ष्मीपूजनाचे बत्तासे, संक्रांतीला काटेरी हलवा, पाडव्याला साखरमाळा, आणि एरवी अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्यांसाठी साखरफुटाणे, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू. पणजोबांनी टोपलीत माल घेऊन देवळाबाहेर बसायला सुरुवात केली, आजोबांनी जागा घेतली (भाड्याची, जुनी पागडी), आता वडील आणि धाकटे काका बघतात. माल घरीच होतो, मागच्या परड्यात, पत्र्याच्या शेडमध्ये.

वडिलांना आता गल्ल्यावर बसवत नाही. माझा भाऊ हिंजवडीत आहे. तो परत येणार नाही, आणि त्यानं यावं असं मलाही वाटत नाही. काका म्हणतात, जागा मोबाईलची कव्हरं विकणाऱ्याला देऊ, भाडं निम्मं-निम्मं घेऊ आणि सुखानं राहू. चुलतभावाला तिथं केकचं दुकान काढायचंय. वाद कितीही झाले तरी तिघं एका वाक्यावर येतात: 'आता पुढं चालवायला घरात कोणी नाही.'

मला राग आहे तो या वाक्याचा. पाटीवर पणजोबांचं आणि आजोबांचं नाव आहे, पण पाक कोण करतं? आई, काकू आणि गल्लीतल्या दोन मावश्या. आजोबांचा नियम होता, लेकींना पाक शिकवायचा नाही, त्या दुसऱ्याच्या घरी जाणार आणि धंदा सोबत नेणार. सुनांना शिकवायचा. मी शिकले ते एका वर्षी ऐन हंगामात आईचा हात प्लास्टरमध्ये होता म्हणून. आज या चौघींनंतर पाक येणारी घरात मी एकटीच, आणि मी इचलकरंजीला नवऱ्याच्या मागाचे हिशेब बघत बसलेय.

मला दुकान घ्यायचंय. सगळं नाही जमलं तर निदान माळांचं आणि हलव्याचं काम. घरात विषय काढायच्या आधी इथल्या जाणत्यांचं ऐकावं म्हटलं. धंद्याच्या बाजूनं, कायद्याच्या बाजूनं, कसंही बोला.

तालमीतला_गडी

ताई, ह्यात इचारायचं काय? घ्या की बिनधास्त! पाडव्याला माळ गळ्यात घालून पेठभर हिंडायचो आम्ही. दुपारपर्यंत निम्मी माळ पोटात आन् शर्ट मानेपाशी असा चिकट की आई दारातच थांबवायची. मोबाईलची कव्हरं काय, धा पावलांवर हाइतच.

मिरजेची_खवय्यी

विषयाला थोडं सोडून विचारते, पण माळ करतात कशी? आम्ही फक्त गुढीला बांधलेली बघतो. आणि पाक तर प्रत्येक घरात होतो, मग यात न शिकवण्यासारखं काय आहे?

माहेरची_वाट

@मिरजेची_खवय्यी, सांगते. गुपित असं काहीच नाही यात, म्हणून तर आजोबांच्या नियमाचं जास्त हसू येतं.

लक्ष्मीपुरीतून साखरेची पोती येतात. कढईत साखर आणि पाणी, उकळी फुटली की वरून दुधाचा हबका मारायचा. दुधाबरोबर साखरेतली मळी फेसासारखी वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायचं. इथं आळस केला की माळ पिवळट. मग लिंबाचे थेंब. लिंबू कमी पडलं तर पाक कढईच्या कडेलाच दाणे धरतो, आणि जास्त झालं तर माळ कधीच कडक होत नाही, दोन दिवसांनीसुद्धा बोटाला लागते. पाकाचा ताव आला की थोडा थोडा पाक लहान पातेल्यात काढून लाकडी दस्त्यानं भांड्याच्या कडेला घासायचा. याला आमच्याकडं घोटणं म्हणतात. काचेसारखा पारदर्शक पाक घोटता घोटता दुधट होतो. लवकर ओतला तर माळ पारदर्शक आणि चिकट राहते, उशीर केला तर पाक पातेल्यातच बसतो आणि मग ते पातेलं परत चुलीवर.

तो मधला क्षण घड्याळावर सापडत नाही. आई तोंडानं बोलत असते, कुणाच्या लग्नाचं, कुणाच्या सासूचं, आणि दस्त्याचा आवाज जड झाला की वाक्य अर्धवट टाकून पातेलं उचलते. मी काकूकडं बघून शिकले. काकू पातेल्याकडं बघते, आई ऐकते. दोघींच्या माळा सारख्याच निघतात.

साचे सागवानी, दोन फळ्यांचे, आत पदकं कोरलेली. आधी पाण्यात भिजवून ठेवायचे, नाहीतर साखर लाकडाला धरते. मधून दोरा ओढायचा, फळ्या आवळून बांधायच्या, वरच्या भोकांतून पाक ओतायचा. थोड्या वेळानं बांधणी सोडून हलकी टिचकी मारली की अख्खी माळ दोऱ्यासकट हातात येते. पदकाची कड तुटली की ती माळ बाजूला. पांढरी असेल तर परत पाकात जाते, रंगीत असेल तर पोरांच्या हातात.

हलव्याची तऱ्हा याच्या अगदी उलटी, तिथं सगळा खेळ सावकाशीचा. निखाऱ्यांच्या मंद शेगडीवर परात, परातीत तीळ किंवा खसखस, आणि चमचा-चमचा पातळ पाक सोडत हातानं फिरवत राहायचं. एक चमचा वाळल्याशिवाय दुसरा घालायचा नाही. बाहेर थंडी चांगली असली की काटा उठतो. आभाळ आलं की दाणे नुसते गोल गुळगुळीत होतात. तेही आम्ही विकतो, पण मोठी आत्या आली की डबा उघडून बघते आणि काही न बोलता झाकण लावते.

पर्वतीच्या_पायथ्याशी

वर्णन सुंदर, पण जरा थंड डोक्यानं बघा. माळ खातं कोण? आमच्याकडं गुढी उतरली की ती फ्रीजवर पडून असते, मग मुंग्या लागतात, मग तुळशीत. निम्मं शहर साखर सोडायला निघालंय. आणि गुढीला प्लॅस्टिकच्या फुलांची माळ बांधणारेही दिसायला लागलेत. भावनेपोटी धंद्यात पैसा घालू नका. काकांचा भाड्याचा विचार मला तरी शहाणपणाचा वाटतो.

माहेरची_वाट

@पर्वतीच्या_पायथ्याशी, माळ खाण्यासाठी विकली जात नाही हे आम्हाला पणजोबांपासून माहीत आहे. ती गुढीला लागते, लहान पोराच्या गळ्यात लागते, जावयाकडं आणि लेकीकडं पाठवायला लागते. खायची म्हणाल तर कडुलिंबाच्या चटणीबरोबर एक पदक. साखर सोडलेला माणूस चहा बिनसाखरेचा पितो, पण गुढी बिनमाळेची उभारलेली मी अजून पाहिली नाही. धोका आहे तो बाहेरून येणाऱ्या स्वस्त मालाचा. पातळ, आतून पोकळ, रंग भडक. गिऱ्हाईक हातात घेऊन वजन बघत नाही, लांबी बघतं.

वाडीचा_कट्टा

मी नृसिंहवाडीचा, आमचंही घरचं दुकान आहे, म्हणून बोलतो. आमच्याकडं पेढे, बासुंदी, कवठाची बर्फी. देवळाच्या वाटेवर दोन्ही बाजूंना सगळे तेच विकतात, आणि बरेचसे एकमेकांचे पाहुणेच. कुणी कुणापासून काही लपवत नाही, लपवणार काय? म्हशीच्या पाच लिटर दुधाला साधारण किलोभर खवा पडतो, हे पोराटोराला ठाऊक. कवठ पिकलेलं पाहिजे, हेही ठाऊक. फरक पडतो तो आजचा खवा आज वापरला की कालचा, यात.

तुमच्या आजोबांच्या पिढीला वाटायचं, कला घराबाहेर गेली की धंदा गेला. मला उलट दिसतं. वाडीत पेढा टिकला कारण तो गल्लीतल्या सगळ्यांना येतो. एका घरात कुणी आजारी पडलं तर शेजारचा भट्टीवर उभा राहतो. तुमच्याकडं चार बायकांना येतं आणि पाचवी इचलकरंजीला. उद्या दोघी आजारी पडल्या तर पाडवा बुडाला. दुकान तुम्ही घ्या किंवा नका घेऊ, आधी अजून चारजणींना घोटायला शिकवा. नात्यातल्याच पाहिजेत असं नाही.

हिशेबी_माणूस

चला, कुणीतरी भावनेशिवाय बोलायला पाहिजे.

तुमच्या धंद्याचं वर्ष सरळ दिसतंय. दिवाळीत बत्तासे, पौष-माघात हलवा आणि तिळगूळ, शिवरात्रीनंतर पाडव्यापर्यंत माळा. पावसाळ्यात साखरकाम बंद, कारण हवेतली ओल साखर ओढून घेते आणि माल पाझरतो. म्हणजे पोती भरायला पैसे आधी घालायचे, वसुली सणाच्या आठवड्यात, आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी उरलेल्या माळेला गिऱ्हाईक नाही. सुदैवानं पांढरा माल वितळवता येतो, खव्यासारखा फेकावा लागत नाही. ही मोठी जमेची बाजू आहे, तिचा विचार करून पांढऱ्या माळा जास्त आणि रंगीत मागणीपुरत्या, असं धरा.

दुसरं, घरच्या बायकांची मजुरी तुम्ही आजवर खर्चात धरलीच नसणार. ती धरून नफा काढा. त्यानंतरही काही शिल्लक राहिलं तरच तो धंदा. बऱ्याच पिढीजात दुकानांचा नफा म्हणजे घरातल्या बायकांची न दिलेली मजुरीच असते.

तिसरं, अन्न परवाना कुणाच्या नावावर आहे ते बघा. सुट्या मिठाईच्या ट्रेवर 'कधीपर्यंत खावी' ती तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून सक्तीचं केलं होतं, आज काय नियम आहे ते विचारून चिक्की-लाडूंच्या ट्रेकडं एकदा त्या नजरेनं बघून घ्या. आणि दुकानाचं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवलंय का? मिठाई वर्ग ३० मध्ये येते, नोंदणी दहा वर्षांची असते, पुढं वाढवता येते. वाटण्या झाल्यावर दोन चुलत घरं एकाच नावाची पाटी लावतात आणि मग दोघांनाही 'आमची दुसरी शाखा नाही' असं लिहायची वेळ येते. बघितलंय.

चौथी_तारीख

वकिलीची सवय, म्हणून मुद्द्याचं तेवढं.

मोबाईलवाल्याला जागा देण्याआधी तुमच्या काकांना थांबवा. जागा तुमची नाही, तुम्ही भाडेकरू आहात. मालकाच्या लेखी संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवला तर भाडे नियंत्रण कायदा १९९९ खाली जागा खाली करून घ्यायला मालकाला ते एक कारण पुरतं. काकांना भाडंही मिळणार नाही आणि पागडीही जाईल.

त्याच कायद्यात भाडेकरू वारल्यावर धंद्याच्या जागेचा हक्क कुणाकडं जातो तेही आहे. त्यावेळी जो घरचा माणूस तिथं त्याच्यासोबत धंदा करत असेल, त्याचा विचार आधी. म्हणजे तुम्हाला खरोखर दुकान हवं असेल तर वडील धडधाकट असतानाच तुमचं तिथं असणं कागदावर दिसलं पाहिजे. पगारपत्रक, बँक, परवाना, काहीही.

वडील आणि काका यांची भागीदारी असेल तर दोघांच्याच फर्ममधला एक गेला की फर्म संपते. आज करारात तिसरं नाव घालणं सोपं. नंतर ते भांडण होतं.

आणि 'लेक दिली, विषय संपला' असं कुणी म्हणालं तर: महाराष्ट्रानं १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क दिला, फक्त त्याआधी लग्न झालेल्या त्यात नव्हत्या. केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीनं ती अट गेली. ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानं येतो, २००५ साली वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही. मात्र वडिलांनी स्वतः कमावलेलं आणि वडिलोपार्जित, हे वेगळं काढावं लागेल. हा मुद्दा घरात पहिल्याच दिवशी काढू नका. खिशात असू द्या.

तालमीतला_गडी

वकीलसाहेब, एक नंबर. बाकी धागा वाचून भूक लागली. कोण येतंय का मिसळ खायला?

ओव्हनवाला

ताई, मी वाचतोय बरं का. तुझा केकवाला चुलतभाऊ. शुक्रवार पेठ, साखरमाळा, इचलकरंजी, एवढं लिहिल्यावर ओळखायला काय लागतंय? गल्लीतल्या निम्म्या लोकांनी मला ही लिंक पाठवलीय.

राग नाही. पण माझी बाजूही लिहितो.

तू पाडव्याला महिनाभर येतेस, मी बारा महिने त्या परड्यात असतो. मार्चमध्ये दुपारी पत्र्याच्या शेडखाली दोन भट्ट्या पेटलेल्या असतात, तिथं पाच मिनिटं उभं राहून बघ. नुसतं उभं. काकूंचे गुडघे गेलेत, आईला रात्री खांदा वर करता येत नाही, आणि दोन्ही मावश्यांच्या मुलांनी त्यांना सांगून ठेवलंय की आता पुरे. हे तुझ्या सुंदर वर्णनात कुठंच नाही. दस्त्याच्या आवाजाचं मला कौतुक आहे, पण तो दस्ता फिरवणारा हात माझ्या आईचा आहे.

२०१९ च्या पुरात साचे माळ्यावर फेकले म्हणून वाचले, साखर सगळी गेली. पोत्यातली साखर भिजून परड्यात पाकाचा चिखल झाला होता, घाण पाण्यासकट. २०२१ ला पुन्हा तेच. दोन्ही वेळा बाबांनी उसनवारी करून हंगाम धरला. मी केकचं म्हणतो ते हौस म्हणून नाही. केक वर्षभर जातो, आणि ओव्हनचं काम बसून नाही तरी निदान आगीसमोर वाकून नसतं.

माळा बंद करा असं मी कधी म्हटलं नाही. दुकान फक्त माळांवर चालवू नका, एवढंच म्हटलंय.

माहेरची_वाट

अरे, तू इथं! बरं झालं वाचलंस, घरात हे मला एका दमात बोलता आलं नसतं.

शेडचं तू म्हणतोस ते शंभर टक्के खरं. म्हणूनच मी 'परंपरा जपा' असं कुठं लिहिलेलं नाही. आईनं अजून दहा वर्षं घोटत बसावं असं मला नको आहे. घोटायचं काम मोटारीवर बसवता येईल, चुलीची उंची कमरेइतकी करता येईल, धुराडं काढता येईल. हे आजवर झालं नाही, कारण ज्या बायका तिथं वाकतात त्यांच्या हातात गल्ला नाही, आणि ज्यांच्या हातात गल्ला आहे ते परड्यात फक्त माल उचलायला येतात. हिशेबी_माणूस यांनी मजुरीचं लिहिलं ते वाचून मी रात्री गेल्या हंगामाचा हिशेब आईला विचारून मांडला. चौघींची मजुरी बाजारभावानं धरली तर नफा निम्म्यावर येतो. निम्मा तरी राहतो, हे त्यातलं चांगलं.

माझं म्हणणं मांडते, तूच काकांना सांग, माझ्यापेक्षा तुझं ऐकतील. दुकानाचे दोन भाग. पुढं तुझा केक आणि वर्षभर जाणारा माल, मागं साखरकाम. साखरकामात आई, काकू, मी आणि दोन्ही मावश्या. मावश्यांना रोजगार, आणि वर हंगामाच्या नफ्यात हिस्सा. पाक शिकायला गल्लीतली कुणीही आली तरी चालेल. नियम बियम काही नाही.

ओव्हनवाला

मावश्यांच्या हिश्श्यावर बाबा अडतील. बाकी बोलू. पण पाटीवर तुझं नाव येणार का, हे आधी सांग, कारण त्याच्यावरून खरं भांडण होणार आहे.

माहेरची_वाट

माझं नको. आई आणि काकूचं येऊ दे.

चौथी_तारीख

पाटीवर काहीही लिहा, करारात सगळ्यांची नावं घाला. पाटी कोर्टात चालत नाही.

वाडीचा_कट्टा

घोटायची मोटार बसवताना फिरण्याचा वेग कमी ठेवता येईल अशीच घ्या. आमच्याकडं खव्याच्या कढईला मोटार लावल्यावर पहिल्या आठवड्यात सगळा खवा रवाळ झाला होता. पाकात तर वेग जास्त झाला की पातेल्यातच बसेल. आणि पुराचं पाणी कुठवर येतं ती खूण भिंतीवर असेलच, मोटार त्याच्या वर.

ओव्हनवाला

दादा, ती खूण आमच्या भिंतीवर दोन ठिकाणी आहे, दोन सालांची. वरचीच्या वर लावतो. बाबांशी आज रात्री बोलतो, जेवण झाल्यावर. जेवणाआधी त्यांच्याशी कुठलाच विषय काढायचा नसतो, हे ताईला माहीत आहे.

मिरजेची_खवय्यी

मला यंदाच्या पाडव्याला पाच पांढऱ्या माळा हव्यात, तुमच्याच हातच्या. मिरजेला पार्सल कराल का?

माहेरची_वाट

पार्सल नाही करत, वाटेत पदकं तुटतात. कोल्हापूर कितीसं लांब आहे? दुकानात या, आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी येऊ नका, त्या दिवशी बोळात उभं राहायला जागा नसते.